नायकाचं मन आणि त्याच्या वाट्याचा धार्मिक भेदभाव: कादंबरीवरचा शोधप्रकल्प कसा करावा

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत एम.ए. मराठीचे विद्यार्थी शोधप्रकल्पासाठी हा विषय बरेचदा घेतात. विषय चांगला आहे, पण प्रकल्प ठरलेल्या एका जागी फसतो. एका प्रकरणात भेदभावाच्या प्रसंगांची यादी येते, दुसऱ्यात मानसशास्त्राच्या व्याख्या येतात आणि या दोन्हींच्या मधे ज्याच्याबद्दल लिहायचं तो नायकच हरवतो. मेहनत कमी पडते म्हणून असं होत नाही. कामाचा क्रम उलटा असतो: आधी शीर्षक, मग सिद्धांत, मग त्यात बसतील असे उतारे, आणि कादंबरी सर्वांत शेवटी.

भेदभाव बाहेर घडतो, संघर्ष आत चालतो. बाहेरची घटना आत कुठल्या वाटेनं शिरली आणि तिथं तिचं काय झालं, हे कादंबरीच्याच शब्दांतून दाखवणं हा या प्रकल्पाचा गाभा. खालचे टप्पे त्यासाठी आहेत. समजावण्यासाठी एक छोटा उतारा या लेखापुरता रचला आहे. तो कुठल्याही कादंबरीतला नाही. पुढं प्रत्येक टप्प्यावर तो लागेल, म्हणून दोनदा सावकाश वाचा.

> ‘पाटील का? मग काय, आपलंच माणूस,’ फोनवर मालक म्हणाले होते. विश्रामबागेतल्या त्या घराच्या फाटकापाशी तो दहा मिनिटं आधीच पोचला. ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ ‘नसीर.’ मालकांनी किल्ली परत खिशात टाकली. ‘तसं आमचं काय नाही हो. पण खोली कालच पाव्हण्यांनी घेतली.’ ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही फाटकावरची पाटी त्यानं पुन्हा एकदा वाचली आणि ‘बरं’ म्हणाला. संध्याकाळी मिरजेत अम्मीनं विचारलं, ‘मिली क्या रे खोली?’ ‘पानी का वांदा है वहां. मैंच नक्को बोला.’ रात्री त्यानं नोकरीचा अर्ज पुढं ओढला. नावाच्या रकान्यात ‘एन. आय. पाटील’ लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं.

## टप्पा १: वाचनाआधीची तयारी

एकच आवृत्ती धरा. आवृत्ती बदलली की पृष्ठक्रमांक बदलतात. अर्ध्या नोंदी ग्रंथालयाच्या प्रतीवरून आणि अर्ध्या मित्राच्या प्रतीवरून घेतल्या, तर शेवटी सगळे संदर्भ पुन्हा जुळवत बसावे लागतं. पहिल्याच दिवशी मुखपृष्ठाचा आणि प्रकाशन-तपशिलाच्या पानाचा फोटो काढा. प्रकाशक, गाव, आवृत्ती आणि वर्ष या चारही गोष्टी त्यात दिसल्या पाहिजेत.

शक्य असेल तर प्रत विकत घ्या. या कामात पुस्तकावर पेन्सिलीनं खुणा कराव्या लागतात. ग्रंथालयाची प्रत असेल तर खुणांसाठी चिकटपट्ट्या वापरा.

कादंबरी अनुवादित असेल तर आधीच ठरवा. अनुवादावरून प्रसंग, घटनाक्रम आणि पात्रांचे संबंध अभ्यासता येतात. ‘लेखकानं हाच शब्द का निवडला’ असा युक्तिवाद करता येत नाही, कारण तो शब्द अनुवादकाचा असतो. शब्दांवर काम करायचं असेल तर मूळ मराठी कादंबरी घ्या.

पुस्तकं कुठं मिळतील. सैद्धांतिक पुस्तकांसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. पूर्वी याच विषयावर कोणी काम केलंय का, हे शोधगंगा या संकेतस्थळावर बघा. तिथं देशभरातले पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. संकल्पनांना प्रमाण मराठी शब्द हवे असतील तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, आणि त्याचं कार्यालय सातारा जिल्ह्यात वाईला आहे. सांगली नगरवाचनालयाची बरीच ग्रंथसंपदा २०१९ च्या महापुरात गेली. जुनी पुस्तकं हवी असतील तर तिथं जाण्याआधी चौकशी करा.

सावधान: आराखडा देताना शीर्षक द्यावंच लागतं, ते कामचलाऊ द्या. ‘अमुक कादंबरीतील नायकाचा मानसिक संघर्ष: भेदभावाच्या संदर्भात’ एवढं पुरे. शीर्षकात कुठल्याही सिद्धांताचं नाव अडकवू नका. वाचनानंतर तो सिद्धांत लागूच पडत नाही असं दिसलं तर पळवाट उरत नाही.

## टप्पा २: तीन वाचनं

पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता करा, शक्यतो चार-पाच दिवसांत सलग. शेवट ठाऊक झाल्याशिवाय सुरुवातीच्या प्रसंगांचं वजन कळत नाही.

दुसऱ्या वाचनात समासात फक्त तीन खुणा करायच्या:

- भे: भेदभावाचा प्रसंग, मग तो कितीही लहान असो.
- म: नायकाच्या मनाची हालचाल. विचार, स्वप्न, गप्प बसणं, खोटं बोलणं, अंगाला घाम फुटणं, अकारण चिडणं.
- दु: दुवा. आधीच्या ‘भे’मुळे हा ‘म’ आला असं जिथं जाणवतं ती जागा.

नमुना उताऱ्यात ‘किल्ली परत खिशात टाकली’ इथं ‘भे’ येईल. ‘बरं म्हणाला’ आणि ‘मैंच नक्को बोला’ इथं ‘म’. अर्जाच्या रकान्यापाशी ‘म’ आणि ‘दु’ दोन्ही.

तिसरं वाचन फक्त खुणा असलेल्या पानांचं, पण प्रत्येक खुणेच्या मागची दोन आणि पुढची दोन पानं धरून. हे वाचन बहुतेक जण गाळतात, आणि नेमके दुवे इथंच सापडतात. अपमान दुपारी होतो आणि त्याचा परिणाम तीन पानांनंतर, धाकट्या भावावर हात उगारताना दिसतो. फक्त अपमानाचं पान पाहणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही.

तपासा: दुसऱ्या वाचनानंतर ‘भे’ चाळीस आणि ‘म’ पाच अशी स्थिती असेल तर तुम्ही घटना वाचताय, माणूस वाचत नाही. पुन्हा बसा. चांगल्या कादंबरीत मनाच्या खुणा घटनांपेक्षा जास्त असतात. त्या फक्त कमी आवाजात असतात.

## टप्पा ३: नोंदवही

दोनशे पानी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. प्रत्येक नोंदीला सहा रकाने:

1. पृष्ठक्रमांक
2. मूळ शब्द, जास्तीत जास्त तीन ओळी, विरामचिन्हांसकट जसेच्या तसे
3. हे शब्द कोणाचे: निवेदकाचे, नायकाचे की दुसऱ्या पात्राचे
4. लगेच आधी काय घडलं
5. लगेच नंतर काय घडलं
6. तुमचं निरीक्षण, एका वाक्यात

तिसरा रकाना रिकामा ठेवून पुढं जाऊ नका. निम्म्या चुका या एका रकान्यानं टळतात. पाचवा रकानाही महत्त्वाचा आहे, कारण परिणाम तिथंच सापडतो.

तीनशे पानांच्या कादंबरीतून साठ-सत्तर नोंदी होतात. त्यातल्या वीस-पंचवीसच प्रकल्पात वापरायच्या. बाकीच्या मौखिक परीक्षेच्या वेळी हाताशी राहतात.

सावधान: सहाव्या रकान्यात ‘नायकाला खूप दुःख झाले’ असं लिहू नका. त्या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘नकार मालकाचा होता, आईला सांगताना तो स्वतःचा करून सांगतो’ हे निरीक्षण झालं.

## टप्पा ४: मन कोणाच्या तोंडून कळतंय

मानसिक संघर्षावर लिहायचं तर मन आपल्यापर्यंत कोण पोचवतंय, हे आधी पाहावं लागतं. कथनमीमांसेच्या, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याच्या, अभ्यासक डॉरिट कोह्न यांनी १९७८ मध्ये याच्या तीन रीती मांडल्या. नसीरच्याच प्रसंगावरून त्या पाहू.

- निवेदक मन सांगतो: नसीरला अपमान झाल्यासारखं वाटलं.
- पात्राचे विचार थेट येतात: ‘माझ्या नावात असं काय आहे?’ तो मनाशी म्हणाला.
- दोन्ही आवाज मिसळतात: एवढं काय होतं त्याच्या नावात? कालपर्यंत तर आडनाव पुरत होतं.

तिसऱ्या रीतीत अवतरणचिन्हं नसतात, वाक्य तृतीयपुरुषी असतं, पण विचार पात्राचा असतो. सर्वांत जास्त गोंधळ इथंच होतो. विद्यार्थी ते वाक्य उचलून ‘लेखक म्हणतात’ असं लिहितात. लेखक काहीच म्हणत नसतो, नसीर म्हणत असतो.

आपल्या नमुना उताऱ्यात या तिन्हींपैकी एकही रीत नाही. तिथं फक्त कृती आहेत: किल्ली, पाटी, खोडलेलं नाव. अशा ठिकाणी ‘लेखकाने मनोविश्लेषण केलेले नाही’ असा शेरा मारण्याची घाई करू नका. मन सांगायचं टाळून ते हातांच्या हालचालीत ठेवणं हा लेखकाचा निर्णय आहे आणि त्यावर एक अख्खं उपप्रकरण लिहिता येतं.

निवेदन प्रथमपुरुषी असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: हा ‘मी’ खरं सांगतोय का? भरवशाचा नसलेला निवेदक ही कल्पना समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडली. भेदभाव सोसलेला निवेदक कधी घटना लहान करून सांगतो, कधी सांगतच नाही. तो जे वगळतो त्याचीही नोंद करा, पण वगळलंय हे दाखवणारा पुरावा कादंबरीतलाच हवा.

## टप्पा ५: भेदभाव नेमका कोणता, ते ओळखा

‘धार्मिक भेदभाव’ या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. त्या सुट्या केल्याशिवाय पुढचं विश्लेषण ढिलं राहतं.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये पूर्वग्रहाच्या आविष्काराच्या पाच पायऱ्या सांगितल्या: वाईट बोलणं, टाळणं, भेदभाव म्हणजे हक्क किंवा संधी नाकारणं, शारीरिक हल्ला आणि समूळ नाश. खोलीचा प्रसंग कुठल्या पायरीवर बसतो? बरेच जण ‘टाळणं’ म्हणतील, कारण मालक मृदू बोलतात. पण इथं घर नाकारलं गेलंय, म्हणजे पायरी तिसरी. वाईट शब्द एकही नाही, उलट ‘तसं आमचं काय नाही हो’ असा खुलासा आहे. शब्दांची पहिली पायरी वगळून थेट तिसरी गाठणारा हा सभ्य भेदभाव आपल्याकडच्या मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये नेहमी दिसतो. शिवीगाळ शोधत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो.

प्रत्येक ‘भे’ नोंदीसाठी हे ठरवा:

- नाकारलं काय: घर, नोकरी, पाणी, लग्न, देवळात किंवा मशिदीत प्रवेश, स्मशानातली जागा, की फक्त विश्वास?
- करणारा कोण: व्यक्ती, शेजार, संस्था, शासन, की नायकाचेच धर्मबांधव?
- उघड की सबबीआड?
- धर्म एकटाच आहे, की जात, लिंग, गरिबी त्यात मिसळली आहे?

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर वेळ द्या. धर्मांतरित ख्रिस्ती नायकाला चर्चच्या आवारात जुन्या जातीवरून वागवलं जात असेल, किंवा मुस्लिम समाजात बागवान, शिकलगार, मुलाणी घरांमधल्या सोयरिकीला विरोध होत असेल, तर त्याला ‘हिंदू विरुद्ध मुस्लिम’ या साच्यात घालता येत नाही. स्वतःच्या समाजानं केलेला भेदभाव नायकाला जास्त एकटं पाडतो, कारण तक्रार घेऊन जायला त्याला कुठं जागाच उरत नाही.

सावधान: घरमालकाच्या नकारावर ‘संविधानाच्या कलम १५ चा भंग’ असं सरसकट लिहू नका. कलम १५(१) शासनाला भेदभाव करण्यास मनाई करतं. कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते अशा जागा येतात. खासगी घर भाड्यानं देण्याचा उल्लेख तिथं नाही. नसीरची कोंडी याच फटीत आहे. अन्याय झालाय, पण कुणाकडं दाद मागायची ते त्याला ठाऊक नाही. हे नीट मांडलंत तर कायद्याचा मुद्दा संघर्षाशी आपोआप जोडला जाईल.

## टप्पा ६: मनातला संघर्ष कोणत्या जातीचा

सिद्धांत आता आणायचा, याआधी नाही. आणि एक किंवा फार तर दोनच. फ्रॉइड, युंग, अॅडलर, लाकाँ अशी रांग लावली की प्रकरण मानसशास्त्राच्या गाईडसारखं होतं.

या विषयाला उपयोगी पडणारी साधनं अशी.

मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांचे संघर्षप्रकार (१९३० चं दशक). दोन हव्याशा गोष्टींतली निवड, दोन नकोशा गोष्टींतली निवड, आणि एकच गोष्ट हवी आणि नको असणं. पुढं यात चौथा प्रकार जोडला गेला: दोन पर्याय आणि दोन्हींत ओढ आणि टाळाटाळ. अर्जाच्या रकान्यापाशी नसीर या चौथ्या प्रकारात सापडलाय. पूर्ण नाव लिहिलं तर ताठ मान आणि नकाराची भीती. आद्याक्षरं लिहिली तर संधी आणि लाज. लिहिणं, खोडणं, पुन्हा लिहिणं ही तीन छोटी वाक्यं म्हणजे हा झोका. सुरुवात करणाऱ्यांना आम्ही हेच साधन सुचवू, कारण ते कृतीवरून तपासता येतं.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांची कलंकाची मांडणी (१९६३). जी ओळख समाज डाग मानतो ती झाकून वावरणं, आणि ती उघड होईल का या धास्तीत सतत माहिती सांभाळत राहणं. पाटील, देसाई, इनामदार ही आडनावं आपल्या भागात हिंदू घरांत आहेत तशी मुस्लिम घरांतही आहेत, आणि पाटील जैन-लिंगायतांतही भरपूर. नसीरनं फोनवर काहीच लपवलं नव्हतं. ‘आपलंच माणूस’ हे मालकांनी स्वतः ठरवलं. रात्री मात्र तो तेच हत्यार आपण होऊन हातात घेतो. उताऱ्यातला खरा बदल हा आहे.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांची विसंगतीची मांडणी (१९५७). स्वतःबद्दलची धारणा आणि स्वतःचं वागणं जुळेनासं झालं की अस्वस्थता येते, आणि माणूस ती कमी करायला काही तरी करतो. इथं पुरावा नीट बघा. ‘सगळेच तर आद्याक्षरं लिहितात’ असं नसीर मनाशी म्हणाला असता, तर विसंगती कमी करण्याचा प्रयत्न दिसला असता. उताऱ्यात ते नाही, त्यामुळं हा सिद्धांत इथं अर्धाच बसतो. तसंच लिहा.

संरक्षण यंत्रणा, म्हणजे त्रासदायक भावनांपासून मन नकळत स्वतःला वाचवतं त्या रीती. मनोविश्लेषक अॅना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये या कल्पनेची व्यवस्थित मांडणी केली. याचा गैरवापर फार होतो. ‘मैंच नक्को बोला’ हे वाक्य दिसलं की विद्यार्थी लगेच ‘समर्थन यंत्रणा’ (स्वतःलाच पटेल असं सोयीचं कारण देणं) असं लिहून मोकळे होतात. पण यंत्रणा नकळत चालते, माणूस स्वतःच फसतो. नसीरला आपण खोटं बोलतोय हे पक्कं ठाऊक आहे. तो आईला वाचवतोय, किंवा आईसमोर स्वतःची मान वाचवतोय. जाणूनबुजून बोललेलं खोटं आणि नकळत घडलेली सारवासारव यांतला फरक परीक्षक हमखास विचारतात.

सावधान: नायकाला रोग लावू नका. ‘नायकाला नैराश्य आहे’, ‘तो दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचा रुग्ण आहे’ अशी निदानं करण्याचा आपल्याला अधिकार नाही. शिवाय निदान केलं की दोष नायकाच्या डोक्यात जातो आणि खोली नाकारणारा सुटतो. या विषयात ही नुसती पद्धतीची चूक नाही, तो अन्यायाला दिलेला हातभार होतो.

तपासा: सिद्धांताचं नाव झाकून परिच्छेद वाचा. तरी त्यात कादंबरीबद्दल काही सांगितलेलं उरतं का? उरत नसेल तर तो परिच्छेद सिद्धांताचा आहे, तुमचा नाही.

## टप्पा ७: दुवा सिद्ध करणं

नोंदवहीतल्या ‘दु’ खुणांवर आता प्रत्येकी चार प्रश्न विचारायचे.

1. आधीची घटना आणि नंतरची मनाची हालचाल यांना जोडणारी एखादी वस्तू, शब्द किंवा हावभाव मजकुरात आहे का? नमुन्यात ते ‘नाव’ आहे. फाटकापाशी विचारलं जातं, रकान्यात खोडलं जातं.
2. हीच हालचाल भेदभाव नसता तरी झाली असती का? साध्या बेकारीनंही माणूस अर्ज खोडतो. पण इथं आद्याक्षरं स्वतःचं आणि मधलं नाव झाकतात, आडनाव पूर्ण ठेवतात. म्हणून इथं दुवा घट्ट आहे.
3. नायक पुढच्या प्रसंगात वेगळा वागतो का? बदल दिसत नसेल तर संघर्ष आहे असं म्हणता येईल, विकास आहे असं म्हणता येणार नाही.
4. हा दुवा नायकाला कळलाय, की फक्त वाचकाला?

चौथ्या प्रश्नानं प्रकल्पाला खोली येते. कादंबरीच्या सुरुवातीला नायकाला आपण का चिडतो ते उमगत नाही, शेवटी उमगतं, आणि तो प्रवास हेच तुमचं मुख्य सूत्र होऊ शकतं.

भाषेकडंही इथंच बघा. मिरज-सांगलीकडच्या मुस्लिम घरांत दखनी (दख्खनची उर्दू बोली) आणि बाहेर मराठी असा व्यवहार असतो. नायक कुठल्या क्षणी कुठली भाषा धरतो, हे दुव्याचं उत्तम साधन आहे. मालकांना तो मराठीत ‘बरं’ एवढंच म्हणतो. घरी दखनीत सबंध वाक्य बोलतो, आणि ‘मैंच’ या शब्दातला जोर सगळा स्वतःवर घेतो. जिथं त्याला नाकारलं तिथं एक शब्द, आणि जिथं तो मान्य आहे तिथं सफाईदार खोटं. लेखकानं दखनी संवाद दिलेच नसतील, सगळे प्रमाण मराठीत बोलत असतील, तर तेही नोंदवा.

## टप्पा ८: परिसराचा संदर्भ, जेवढा लागेल तेवढाच

कादंबरी या भागात घडत असेल तर दोन टोकाच्या चुका होतात. पहिली: मिरजेचा मीरासाहेब दर्गा, तिथली उरुसातली संगीतसेवा, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची परंपरा, कडेगावचे उंच ताबूत आणि त्यातला हिंदूंचा सहभाग यांची पाच पानं लिहून ‘येथे धार्मिक सलोखा नांदतो’ असा निष्कर्ष काढणं. दुसरी: वर्तमानपत्रांतल्या दंगलींच्या बातम्या चिकटवून कादंबरीचा तपशील विसरणं.

उरुसात एकत्र गाणं ऐकणारा माणूस खोली देताना आडनाव चाचपतो, या दोन्ही गोष्टी एकाच गावात खऱ्या असतात. नायकाला जास्त त्रास होतो तो त्यामुळंच. सणाला मिळणारा मान आणि एरवी मिळणारा नकार यांचा मेळ त्याला घालता येत नाही. संदर्भ द्यायचा तो हा ताण दाखवण्यापुरता, फार तर दोन-तीन पानं.

लोकांशी बोलून माहिती घेणार असाल तर परवानगी घ्या, प्रकल्पात नाव, गल्ली, दुकान काहीही ओळखू येईल असं देऊ नका, आणि त्यांचं बोलणं कादंबरीचा पुरावा म्हणून वापरू नका. पुरावा पुस्तकातूनच.

## टप्पा ९: प्रकरणं पाडणं आणि लिहिणं

‘प्रकरण तीन: धार्मिक भेदभाव, प्रकरण चार: मानसिक संघर्ष’ ही विभागणी टाळा. तीच दोन्ही गोष्टींना एकमेकींपासून तोडते. नायकाच्या आयुष्यातली वळणं धरून प्रकरणं पाडा, म्हणजे प्रत्येक प्रकरणात घटना आणि मन दोन्ही येतील. सत्तर पानं असतील तर साधारण असं:

- प्रस्तावना, प्रश्न, मर्यादा, पूर्वीचं काम: ८
- वापरलेल्या एक-दोन संकल्पना: १०
- नाव आणि घर: १६
- भाषा आणि मैत्री: १६
- निर्णय आणि त्याची किंमत: १४
- निष्कर्ष: ६

मधल्या तीन प्रकरणांची नावं तुमच्या कादंबरीप्रमाणे बदलतील. लेखन मधल्या प्रकरणांपासून सुरू करा. मग संकल्पना, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी.

एका परिच्छेदाचा क्रम: आधी तुमचं म्हणणं, मग एका वाक्यात प्रसंग, मग अवतरण आणि पृष्ठक्रमांक, मग त्या शब्दांनी काय साधलं, मग दुवा. कथानक सांगायचं ते एका वाक्यात. तीन वाक्यांच्या वर गेलं की कापा.

हे असं नको: ‘नसीर खोली पाहायला गेला. मालकाने त्याला नकार दिला. त्यामुळे त्याच्या मनात संघर्ष निर्माण झाला. यातून समाजातील भेदभाव दिसतो.’

असं हवं: ‘नकाराचा क्षण निवेदक मालकाच्या वाक्यात न ठेवता किल्लीत ठेवतो. सबब नंतर येते, हात आधी मागे जातो. नसीरही उत्तर शब्दांत देत नाही, पाटी पुन्हा वाचतो. खोली अजून रिकामी आहे हे दोघांनाही माहीत आहे. रात्री अर्जावर नाव खोडताना तो पहिल्यांदा मालकाच्या नजरेनं स्वतःचं नाव वाचतो.’

शब्दांकडं लक्ष द्या. ‘तो मुस्लिम असूनही प्रामाणिक आहे’ या वाक्यातला ‘असूनही’ पूर्वग्रह घेऊन येतो, आणि भेदभावाविरुद्ध लिहिलेल्या प्रकल्पांतही तो सापडतो. ‘ते लोक’, ‘त्यांच्यात असंच असतं’, ‘मुख्य प्रवाहात आला’ हेही शोधून काढा. मालकाबद्दलही तेच. ‘दुष्ट’, ‘धर्मांध’ अशी विशेषणं लावू नका. तो किल्ली खिशात टाकतो एवढं नेमकं लिहिलंत की पुरतं.

## टप्पा १०: टंकलेखन आणि तपासणी

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा किंवा करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर नंतर बदलताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, आणि वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली तो वाचू शकत नाही. टंकलेखन केंद्राकडं देताना ‘युनिकोड’ हा शब्द लिहून द्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, त्यापुढं शिक्षा वाढत जाते. संदर्भासह दिलेली अवतरणं यात धरत नाहीत. म्हणून प्रत्येक अवतरणाला चिन्हं आणि पृष्ठक्रमांक हवाच. दुसऱ्याचे विचार स्वतःच्या शब्दांत लिहिले तरी त्याचं नाव द्यायचं असतं.

तपासा: छापण्याआधी सगळी अवतरणं मूळ पुस्तकाशी पुन्हा ताडून पाहा. कुणी तरी पुस्तकातून मोठ्यानं वाचावं आणि तुम्ही छापील कागदावर बोट ठेवावं. एकट्यानं केलं तर डोळा चुका झाकतो.

## टप्पा ११: मौखिक परीक्षा

नोंदवही सोबत न्या. मार्गदर्शक आणि परीक्षक दोघांनाही ती पाहायला आवडते. या विषयावर चार प्रश्न ठरलेले आहेत: हाच सिद्धांत का, भेदभाव धर्माचा की जातीचा, कादंबरी एकांगी नाही का, आणि नायकाची काहीच चूक नाही का.

शेवटच्या दोन प्रश्नांवर विद्यार्थी गडबडतात किंवा आवाज चढवतात. उत्तर पृष्ठक्रमांकानं द्या. कादंबरीत भेदभाव न करणारी पात्रं कुठं आहेत, नायक स्वतः कुणावर अन्याय करतो ती जागा कोणती, याच्या तीन-चार नोंदी वेगळ्या चिकटपट्टीनं आधीच काढून ठेवा. नसीरबद्दल विचारलं तर ‘आईशी तो खोटं बोलतो, आणि का बोलतो हे मी अमुक पानावर मांडलं आहे’ इतकं सांगून ते पान उघडा.